सायन्स न घेतलेल्यांसाठी बायोलॉजीचं प्रॅक्टिकल: काय ठेवू, काय काढू?

शेवाळ
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.
मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. येत्या सत्रात माझ्याकडे एक वेगळीच बॅच येतेय: इतिहास, अर्थशास्त्र, अकाउंट्स, भाषा, संगीत असे विषय घेतलेली मुलंमुली. त्यांना विज्ञानाचा एक पेपर सक्तीचा आहे आणि त्याचं प्रॅक्टिकल माझ्या गळ्यात आलंय, आठवड्यातून एकदा दोन तास. यातल्या बहुतेकांचा लॅबशी आयुष्यातला हा शेवटचा संबंध असणार. जो अभ्यासक्रम हातात पडलाय तो सायन्सवाल्यांचाच, नुसता पाणी घालून पातळ केलेला. म्हणजे मायक्रोस्कोपचे भाग, पेशीची आकृती, पेशीविभाजनाच्या तयार स्लाइड्स, बरण्यांमधले नमुने ओळखा, आणि शेवटी व्हायवा.
मला बदलायचाय तो. वरून परवानगी आहे, पण भरमसाठ सामान नाही. तर प्रश्न असा की तुम्ही सायन्सवाले नसाल आणि असं काही केलं असेल तर त्यातलं आज काय आठवतं? केलं नसेल तर काय करायला आवडलं असतं? आणि शिकवणाऱ्यांनी सांगा, काय बिनधास्त काढून टाकू?

टिंब
मी पहिला! (बाकीचं नंतर लिहितो.)

बिनविषयी
स्पष्ट बोलतो, राग मानू नका मॅडम. मी अकाउंट्सवाला. आम्हाला असाच एक पेपर होता आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. मागच्या बॅचचं जर्नल मिळवायचं, उतरवायचं, आकृतीला कडेने बाण काढायचे, टेबलात ठरलेले आकडे भरायचे, सही घ्यायची. टेस्ट ट्यूबमध्ये रंग आला नाही तरी वहीत 'रंग आला' असंच लिहायचं कारण निष्कर्ष आधीच लिहून झालेला असायचा. हिशेबाच्या वहीत कुणी असं केलं तर आमच्याकडे त्याला वेगळं नाव आहे.
त्यापेक्षा चार चांगले व्हिडिओ दाखवा आणि पोरांना घरी सोडा.

निळी_शाई
बिनविषयी, व्हिडिओशी असहमत, जर्नलशी शंभर टक्के सहमत.
मी भाषेची. मला एकच गोष्ट पक्की आठवते, कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड. आमच्या अख्ख्या वर्गाने त्या पेशी हिरव्या रंगवल्या होत्या कारण 'वनस्पती पेशी' म्हटलं की पुस्तकात हिरवे ठिपके असतात. मॅडमनी सगळ्यांच्या वह्या परत दिल्या आणि म्हणाल्या, पुन्हा लेन्समधून बघा आणि सांगा हिरवं कुठे दिसलं. कुठेच नव्हतं! कांदा जमिनीखाली वाढतो, त्या पापुद्र्याला उजेडच नाही, मग हरितलवकं कुठून असणार? डोळ्यांना दिसत होतं ते सोडून आम्ही पाठ असलेलं काढत होतो. तो तास मी विसरलेली नाही.
शेवाळताई, आकृत्या काढून टाकू नका, पण पुस्तकातून काढलेली आकृती अजिबात घेऊ नका. वाकडी, अर्धवट, बुडबुड्यासकट, कशीही असू दे, समोर दिसलेलीच हवी.

काचपट्टी
नमस्कार. मी शिकवणारा नाही, लॅब असिस्टंट. म्हणजे तुमचे तास संपल्यावर जे उरतं ते आवरणारा. त्यामुळे माझं मत जरा सिंकच्या बाजूने असेल.
मायक्रोस्कोपचे भाग पाठ करून घ्यायचा तास जरूर काढा, पण मायक्रोस्कोप हाताळायचा तास काढू नका. सायन्स नसलेली मुलं पहिल्या दिवशी तीन गोष्टी हमखास करतात. एक, थेट ४०ची लेन्स लावून मोठा स्क्रू फिरवतात, की कव्हरस्लिप (स्लाइडवर ठेवायची पातळ काच) कटकन गेलीच. आधी ४ची, मग १०ची, मग ४०ची, आणि ४०वर फक्त बारीक स्क्रू, हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. दोन, स्वतःच्याच पापण्या बघतात आणि 'सर किडा दिसला' म्हणून ओरडतात. तीन, हवेचा बुडबुडा, काळ्या जाड कडेचा गोल गरगरीत, आणि त्याचीच सुबक आकृती काढून खाली पेशी असं नाव देतात. कव्हरस्लिप तिरकी टेकवून सुईने हळूच खाली सोडली तर बुडबुडे कमी येतात, पण मी तर म्हणतो एकदा बुडबुडा मुद्दाम दाखवाच. एकदा ओळख झाली की पुढे फसत नाहीत.
आणि पहिली स्लाइड कसलीच जीवशास्त्राची नको. छापील कागदातलं एक अक्षर कापा, उदा. 'क', पाण्याच्या थेंबात ठेवा आणि बघायला सांगा. वरची रेघ खाली आलेली दिसते, डावं उजवीकडे. स्लाइड डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळतं. याने जे शिकतात ते भागांच्या नावांनी शिकत नाहीत.

टिंब
काका तुमचा प्रतिसाद छापून लॅबच्या दारावर लावा _/\_
पापणीवाला मीच होतो.

उगाच_प्रश्न
एक प्रश्न (उगाच). मायक्रोस्कोपच्या बाहेर जाऊ ना आपण? फळातून डीएनए काढायचा तो पांढरा धागा निघतो तो प्रयोग सगळीकडे करतात, दिसायला भारी. पण त्यात मुलं नक्की काय शिकतात? आम्ही केला, फोटो काढला, संपलं. आणि हो, तो धागा म्हणजे खरंच डीएनए असतो का एकच रेणू लांबलचक?

शेवाळ
उगाच_प्रश्न, उगाच नाहीये. एकच रेणू नव्हे. डीएनएची जाडी साधारण २ नॅनोमीटर, ती डोळ्यांनाच काय तुमच्या कॉलेजच्या मायक्रोस्कोपलाही दिसायची नाही. जे दिसतं ते असंख्य रेणूंचा गुंता, त्यात थोडी प्रथिनं वगैरेही चिकटलेली. लिक्विड सोपने पेशीची आणि केंद्रकाची आवरणं फुटतात कारण ती चरबीची असतात, मिठामुळे डीएनएचे रेणू एकमेकांजवळ यायला मदत होते, आणि वरून गार अल्कोहोल हळूच ओतलं की त्यात तो विरघळत नाही म्हणून सीमेवर पांढरा जाळ्यासारखा वर येतो. स्ट्रॉबेरी घेतात कारण तिच्या बहुतेक लागवडीच्या जातींत गुणसूत्रांचे आठ संच असतात, भरपूर माल निघतो.
पण तुमची तक्रार रास्त आहे, नुसती कृती वाचून ओतत गेलं तर ती जादू होते, प्रयोग नाही. मी असा विचार करतेय की एका गटाला साबण द्यायचा नाही, एकाला मीठ द्यायचं नाही, एकाला अल्कोहोल गार न करता द्यायचं. आणि कुणाला काय कमी दिलंय हे इतरांना सांगायचं नाही. मग नळ्या शेजारी शेजारी ठेवून ओळखायचं.

बिनविषयी
हे मात्र बरं आहे. असं आम्हाला दिलं असतं तर मी वर्गात जागा राहिलो असतो.

आकडेमोड
इथे माझी एंट्री. मी संख्याशास्त्र शिकवतो आणि माझं म्हणणं थोडं कडू आहे. 'सायन्स न घेतलेल्यांसाठी' म्हटलं की लोक आधी आकडे काढून टाकतात, मुलं घाबरतात म्हणून. उरतं काय तर रंगीत पाणी. माझ्या मते उलट करा. बायोलॉजीची नावं काढा, आकडे ठेवा.
बटाट्याचा प्रयोग घ्या. सारख्या लांबीच्या पट्ट्या कापायच्या, वजन करायचं, वेगवेगळ्या तीव्रतेच्या साखरेच्या द्रावणात बुडवायच्या, तासाभराने काढून पुन्हा वजन. साध्या पाण्यातली पट्टी पाणी शोषून कडक होते, वजन वाढतं. दाट द्रावणातली लिबलिबीत होते, वजन घटतं. टक्केवारीतला बदल आलेखावर मांडला की रेघ कुठेतरी शून्याला छेदते, तिथलं द्रावण आणि बटाट्याच्या आतलं पाणी बरोबरीला आलेलं. बहुधा ०.३ मोलरच्या (मोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) आसपास येतं, बटाट्यानुसार पुढेमागे. परासरण हा शब्दही न उच्चारता हे सगळं करता येतं.
पण खरी मजा पुढे आहे. प्रत्येक गटाने आपला आकडा फळ्यावर लिहायचा. एका गटाचा आकडा भलतीकडेच जातो. जातोच. आता काय करायचं, खोडायचा? कुणी म्हणतं खोडा. कुणी म्हणतं त्यांनी पट्ट्या नीट पुसल्या नव्हत्या. मग 'नीट पुसणे' म्हणजे किती वेळा टिपायचं हे ठरलं होतं का? नव्हतं. हा वाद अर्धा तास चालू द्या, मॅडम. तुमचा सगळा पेपर त्या अर्ध्या तासात आहे.

बिनविषयी
आकडेमोड साहेब, तो आकडा खोडायचा नाही! ठेवायचा, शेजारी शेरा लिहायचा की का संशय आहे, आणि तो धरून एक बेरीज आणि वगळून एक बेरीज दोन्ही दाखवायच्या. ही तर आमची रोजची भाकरी.

आकडेमोड
बघा, व्हिडिओ दाखवून घरी सोडणार होते :)

बिनविषयी
हलकं घ्या. मत बदललेलं नाही, फक्त थोडं सरकलंय.

बखरवाला
उशिरा आलो. मी इतिहासाचा, त्यामुळे माझा मुद्दा इतिहासाचाच. तुमच्या बॅचमध्ये निम्मी मुलं अशी असतील ज्यांना गोष्टीत रस आहे, तर जुने प्रयोग त्यांच्यापुढे खटल्यासारखे ठेवा, आरोप काय, पुरावा काय, उलटतपासणी कुठे तोकडी पडली.
फ्रान्चेस्को रेडी, १६६८. तेव्हा समज असा की सडक्या मांसातून अळ्या आपोआप जन्मतात. याने काही भांड्यांत मांस उघडं ठेवलं, काही घट्ट बंद केली. बंद भांड्यात अळ्या नाहीत. पण मग कुणीही म्हणू शकतं की हवाच आत गेली नाही तर जीव कसा उपजेल. म्हणून त्याने तिसरी भांडी केली, तोंडाला बारीक जाळीचं कापड बांधून. हवा आत जाते, माशी जात नाही. अळ्या नाहीत. मुलांना पहिली दोन भांडी सांगून थांबा आणि विचारा, समोरचा वकील आता काय म्हणेल? तिसरं भांडं त्यांच्याकडूनच निघतं.
दुसरा, फान हेल्मॉन्ट. २०० पौंड वाळवलेली माती, त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप, पाच वर्षं फक्त पाणी. झाड झालं १६९ पौंडांच्या वर, मातीत घट झाली जेमतेम २ औंसांची. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये हे छापून आलं. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनलं. वजनं चोख, हिशेब चोख, आणि उत्तर अपुरं, कारण हवा तराजूत आलीच नाही. झाडाच्या लाकडातला कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो हे कळायला पुढे बराच काळ गेला. बिनविषयी, तुम्हाला हा माणूस आवडेल, ताळेबंद जुळलेला आणि एक खातं गहाळ.

निळी_शाई
बखरवाला, वाखूसा (वाचनखूण साठवली). यात भर घालते. रॉबर्ट ब्राउन. १८२७ मध्ये परागकणांतून पाण्यात आलेले बारीक कण लेन्सखाली सतत थरथरताना त्याला दिसले. पहिला विचार कुणाचाही तोच, जिवंत आहेत. पण हा गडी थांबला नाही, त्याने काचेची, दगडाची, जे कधीच जिवंत नव्हतं त्याची पूड पाण्यात टाकून बघितली. तीही तशीच थरथरते. म्हणजे हालचाल ही जिवंतपणाची खूण नाही. मला हे कॉलेजनंतर खूप उशिरा वाचायला मिळालं आणि वाटलं, अरे हे त्या मायक्रोस्कोपच्या तासाला का नाही कुणी सांगितलं!

काचपट्टी
हे तर आम्ही लॅबमध्ये रोज बघतो. साचलेल्या पाण्याचा थेंब घेतला की मुलं प्रत्येक हलणाऱ्या ठिपक्याला जंतू म्हणतात. शेजारी पाण्यात थोडी खडूची बारीक पूड ठेवून द्या. दोन्ही बघा आणि मग सांगा कोण जिवंत. खरा जीव दिशा धरून जातो, अडला की वळतो. ठिपका जागच्या जागी कापतो. आणि सगळंच एका दिशेला वाहत असेल तर ते नुसतं पाणी सरकतंय, जरा थांबा.

पानोपानी
सगळे फारच गंभीर झालेत. एक हलकाफुलका तास ठेवा ना, आनुवंशिकतेचा. जिभेची सुरळी करता येते का, कानाची पाळी चिकटलेली की सुटी, घरच्यांची माहिती आणायची आणि तक्ता काढायचा. आम्ही केला होता, जाम हसलो होतो.

शेवाळ
पानोपानी, हसायला छान आहे पण मी तो तास काढतेय. जिभेची सुरळी एका जनुकावर चालते हे १९४० मध्ये स्टर्टेव्हंट या नावाजलेल्या शास्त्रज्ञाने मांडलं आणि तिथून ते पाठ्यपुस्तकांत गेलं. पण १९५२ मध्ये हुबेहूब जुळ्यांची पाहणी झाली तेव्हा एकाला जमतं आणि दुसऱ्याला नाही अशा जोड्या निघाल्या. एकाच जनुकाचा खेळ असता तर असं व्हायला नको होतं. स्टर्टेव्हंटने स्वतःही नंतर मान्य केलं. पुस्तकं मात्र सोडायला तयार नाहीत. कानाच्या पाळीचंही तसंच, मधल्या सगळ्या अवस्था दिसतात, सुटी आणि चिकटलेली असे दोनच कप्पे पडत नाहीत.
आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आईबाबांना जमत नाही आणि मला जमतं, मग मी कुणाची, असा प्रश्न घेऊन मूल घरी जातं. वर्गात कुणी दत्तक असतं, कुणाचे आईवडील वेगळे झालेले असतात. एका चुकीच्या तक्त्यापायी हे कशाला?

पानोपानी
अर्र. हे डोक्यातच आलं नव्हतं. मग आनुवंशिकता सोडायचीच का?

आकडेमोड
नका सोडू, मेंडेलचे खरे आकडे द्या. वाटाण्याच्या दुसऱ्या पिढीत त्याला गोल दाणे ५४७४ आणि सुरकुतलेले १८५० मिळाले. भागाकार करा, २.९६. तीनास एक असं तो म्हणतो. मग मुलांना दोन नाणी द्या, दोन्ही छापा सोडून काहीही आलं तर गोल, दोन्ही छापा आले तर सुरकुतलेला. प्रत्येकाने वीस वेळा उडवायचं. कुणाला ११ नि ९ येतील, कुणाला १८ नि २. वर्गाची बेरीज मारली की गाडी तीनास एकच्या जवळ येते. थोड्या नमुन्यावर विश्वास का ठेवायचा नाही ते याहून स्वस्तात शिकवता येत नाही.
मसाला हवा असेल तर हेही सांगा की १९३६ मध्ये रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने मेंडेलचे सगळे आकडे तपासून म्हटलं, हे अपेक्षेपेक्षा फारच जवळ आलेत, इतकं नीट सहसा येत नाही. त्यावर वाद अजून चालतात, आणि मेंडेलने लबाडी केली असं बहुतेक जाणकार म्हणत नाहीत. पण अती बरोबर उत्तरावरही संशय घ्यायचा असतो, हे उतरवलेल्या जर्नलवाल्यांना ऐकवायला बरं.

टिंब
आमच्या वर्गात तीसही जर्नलांत एकच आकडा यायचा, दशांश चिन्हाच्या पुढे दोन घरांपर्यंत. फिशर आमच्याकडे आला असता तर चक्कर येऊन पडला असता.

मध्यरात्र
बेडूक कुणीच काढला नाही अजून? विच्छेदन ठेवणार का?
माझं मत, ठेवा. पुस्तकातलं हृदय आणि हातातलं हृदय यात फरक आहे.

पानोपानी
माझं मत, नको. ज्यांना पुढे डॉक्टर व्हायचं नाही, प्राणीशास्त्र करायचं नाही, त्यांच्यासाठी एक जीव कशाला? मी त्या दिवशी वर्गाबाहेर उभी होते आणि मला त्याबद्दल शून्य मार्क मिळाले.

मध्यरात्र
मग मांस खाणाऱ्यांनी काय करायचं?

पानोपानी
मी खाण्याबद्दल बोललेच नाही.

शेवाळ
दोघेही जरा थांबा, हा वाद स्वतंत्र धाग्याच्या लायकीचा आहे. मी ठेवत नाहीये, आणि कारण फक्त भावनांचं नाही. दोन तासांत, पहिल्यांदाच चिमटा धरणाऱ्या हातांनी, एकदाच केलेल्या विच्छेदनात मुलं अवयव ओळखण्यापलीकडे जात नाहीत. ओळखायचेच तर मॉडेल चालतं. ज्याला खरंच बघायचंय त्याच्यासाठी फुलाचं विच्छेदन आहे. कुठलंही मोठं फूल उभं चिरा, अंडाशयातली बीजांडं भिंगाखाली मोजा, मग दुसऱ्या जातीचं चिरा.

मध्यरात्र
फूल म्हणजे बेडूक नव्हे. पण ठीक, तुमचा वर्ग.

उगाच_प्रश्न
हात धुण्याचा प्रयोग? न धुतलेलं बोट, धुतलेलं बोट, डिशमध्ये टेकवायचं आणि दोन दिवसांनी जंतूंच्या वसाहती मोजायच्या. सगळ्यांच्या उपयोगाचा आहे.

शेवाळ
हा मला हवाच आहे, पण यात एक गंमत होते जी बहुतेक ठिकाणी लपवली जाते. कितीदा तरी धुतलेल्या बोटाच्या डिशमध्ये जास्त वसाहती येतात! चोळून धुतल्यावर त्वचेत मुरून बसलेले नेहमीचे जीवाणू सुटे होतात आणि ओल्या बोटावरून सहज उतरतात. शिवाय डिशवर उगवलेलं म्हणजे आजार करणारं असं नाही, आणि आजार करणारं सगळंच त्या डिशवर उगवतं असंही नाही. विषाणू तर त्यावर वाढतच नाहीत. म्हणजे 'साबण कुचकामी' असा निष्कर्ष मुलं पुढ्यातल्या पुराव्यावरून प्रामाणिकपणे काढतील आणि तो चुकीचा असेल. मला हाच तास सगळ्यात जास्त शिकवायचाय आणि त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

आकडेमोड
भीती कसली. बोट न टेकवलेली एक डिश, नुसत्या ओल्या बोटाची एक, साबणाची एक, पुसून वाळवलेल्या बोटाची एक, आणि प्रत्येकीच्या किमान तीन-तीन. एकेकच केलीत तर काहीही येईल.

काचपट्टी
किमान तीन-तीन म्हणणारे लोक ती डिश धुवायला कधी येत नाहीत.
गमतीचा भाग सोडा, पण इथे मी हट्टी आहे. डिश टेकवून झाली की कडेने टेप लावायची आणि त्यानंतर कुणीही, मॅडमसुद्धा, उघडायची नाही. वसाहती वरून मोजायच्या. वाढवायला ३७ अंशावर ठेवू नका, ते आपल्या अंगाचं तापमान, आपल्याला त्रास देणारे त्यातच खूश असतात. २५ अंशाच्या आसपास ठेवा, दोन दिवस जास्त लागले तर लागू देत. आणि झाल्यावर थेट कचऱ्यात नाही, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने जंतू मारायचं यंत्र) १२१ अंशाला किमान १५ मिनिटं, डबा गच्च भरला असेल तर त्याहून जास्त, मग फेकायचं. ऑटोक्लेव्ह नसेल तर हा प्रयोग करू नका, दुसरे शंभर आहेत. गालाच्या पेशी घेणार असाल तर त्याच्या काड्याही ज्याच्या त्यानेच वापरायच्या आणि लगेच जंतुनाशकात. बोट टोचून रक्तगट तर नकोच.

मध्यरात्र
रक्तगट नको हे पटलं. आमच्या वेळी एकच सुई स्पिरिटने पुसून फिरवायचे, आज आठवलं तरी काटा येतो.

निळी_शाई
गालाच्या पेशी ठेवा हं पण. मिथिलीन ब्लूचा थेंब टाकला की मधोमध गडद निळं केंद्रक. आपल्या स्वतःच्या आतलं काहीतरी आपण बघतोय, वर्ग एकदम शांत होतो.

आकडेमोड
आणि तिथेही मोजा! १० गुणिले ४०, म्हणजे ४०० पट. बऱ्याच मायक्रोस्कोपात तेव्हा दिसणाऱ्या गोलाचा व्यास साधारण ०.४५ मिलिमीटर असतो. त्या व्यासावर एका ओळीत किती पेशी बसतील ते अंदाजाने ठरवा आणि भागा. सात-आठ बसल्या तर एक पेशी झाली ०.०६ मिलिमीटरची. पट्टीने मोजता न येणारी वस्तू भागाकाराने मोजली.

निळी_शाई
तुम्ही ना, सूर्यास्त बघतानाही कोन मोजत असाल.

आकडेमोड
एकदाच.

शेवाळ
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सध्या माझ्या वहीत असं आहे: 'क' अक्षर, बुडबुडा आणि खडूची पूड हा पहिला तास. मग कांदा आणि गाल, बघून काढलेल्या आकृतीसकट. बटाटा दोन आठवडे, कारण तो वाद अर्ध्यावर तोडायचा नाही. डीएनएच्या अपुऱ्या नळ्या. रेडीचं तिसरं भांडं वर्गात बोलूनच. नाणी. डिश, काकांच्या अटींवर. पेशीविभाजनाच्या तयार स्लाइड्स आणि बरण्या गेल्या, त्याबद्दल विभागात थोडी नाराजी होईल, होऊ दे. शेवटचे तीन तास गटांनी स्वतः प्रश्न काढून प्रयोग करायचा, आणि इथेच अडलेय. मागे एकदा अशी मोकळीक दिली होती तर 'संगीताने झाडं वाढतात का' असे विषय आले, तीन आठवड्यांत ना धड झाड वाढलं ना काही कळलं.

काचपट्टी
प्रश्न त्यांचा, सामान आपलं. मी एक टेबल मांडून ठेवतो, त्यावर आहे तेवढ्यातच करायचं. हायड्रोजन पेरॉक्साइड ३ टक्के, कच्चा बटाटा, उकडलेला बटाटा, बर्फ, गरम पाणी, व्हिनेगर, पट्टी, घड्याळ. कच्च्यावर फेस येतो, उकडलेल्यावर येत नाही, एवढंच दाखवायचं आणि बाजूला व्हायचं. फेसाची उंची मोजता येते आणि उत्तर पाच मिनिटांत मिळतं, म्हणजे चुकलं तर त्याच तासात पुन्हा करता येतं. झाडं वाढायची वाट बघणाऱ्या प्रयोगात ही सोय नाही. चष्मे मात्र सगळ्यांना.

शेवाळ
काका, हे पक्कं. विकरं (एन्झाइम), तापमान, आम्लता सगळं येतं यात. फेस का येतो हे मी आधी सांगणारच नाही.

बिनविषयी
आता मलाही एक प्रश्न पडलाय, हसू नका. बेनेडिक्टची ती साखरेची टेस्ट आठवते, निळं औषध गरम केलं की विटकरी होतं. तुमच्या टेबलावर ते ठेवलंत तर 'शुगर फ्री' लिहिलेल्या गोळ्या तपासता येतील का? माझ्या घरी ढीगभर आहेत. निळं राहिलं तर लेबल खरं, विटकरी झालं तर खोटं. बरोबर ना?

शेवाळ
नाही ना! दोन्ही बाजूंनी नाही. साध्या साखरेच्या पाण्यालाही बेनेडिक्ट निळाच राहतो, तो ग्लुकोज, फ्रुक्टोज, लॅक्टोज अशा शर्करांनाच रंग बदलतो. म्हणजे निळं राहिलं म्हणून साखर नाही असं म्हणता येत नाही. आणि अशा बऱ्याच गोळ्यांत आकार यावा म्हणून लॅक्टोज भरलेलं असतं, तेव्हा विटकरी झालं तरी त्यात खायची साखर घातली असं सिद्ध होत नाही. आधी एक नळी ग्लुकोजची, एक साखरेची, एक नुसत्या पाण्याची करा, मग गोळी.

बिनविषयी
म्हणजे चार नळ्या. आणि साखरेच्या पाण्यात थोडं आम्ल घालून उकळलं तर ती फुटून ग्लुकोज होते असं कुठेतरी वाचलंय, मग ती पाचवी?

शेवाळ
हो, पाचवी. पण बेनेडिक्ट घालायच्या आधी सोडा टाकून ते आम्ल मारायला विसरू नका, नाहीतर रंगच यायचा नाही.

आकडेमोड
आणि प्रत्येकी तीन-तीन.

काचपट्टी
पंधरा नळ्या. धुणार कोण ते आधी ठरवा.